आकृतीतला जास्तीचा चौकोन

३ जून
नवी नोकरी, खिडकीजवळची जागा आणि न करकरणारी खुर्ची. आणखी काय हवं! काम मजेचं आहे. डेटाबेसची आकृती वाचून एसक्यूएल स्कीमा, म्हणजे टेबलांचा लेखी आराखडा, लिहून देणारं ओपन-सोर्स टूल निवडायचं. आकृतीत नुसते चौकोन आणि रेघा, एकेक चौकोन म्हणजे एकेक टेबल. तीन टूल्स उतरवून घेतली. चौकोन दोनदा मोजले, एकेचाळीस.

५ जून
पहिल्या टूलने बेचाळीस टेबलं दिली. दुसऱ्यानेही. जास्तीचं टेबल माझ्या नावाचं! म्हटलं, कुणीतरी फिरकी घेतंय. टेस्टिंगवाल्या ताईंना सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. माझ्या आधी या जागेवर होती त्या मुलीचंही असंच आलं होतं म्हणे. नोकरी सोडणाऱ्याचा चौकोन पुसायचा, ही इथली पद्धत. तिचा पुसला आणि ती दिसेनाशीच झाली. ताई तिच्या घरी गेल्या, तर दाराच्या जागी सपाट भिंत. घरातल्यांचाही पत्ता नाही.

७ जून
आता आकृतीतही माझा चौकोन आहे, आणि त्यातून रेघ निघाली आहे. टोकाला धाकटी, माझी बहीण. आई गेल्यापासून तिला मीच वाढवलंय. स्कीमात ओळ आहे: वरचा चौकोन पुसला की खालचाही पुसावा. तीनदा खोडली, तीनदा परत आली. साहेब म्हणाले, आकृतीत असेल तेच खरं. सोडते नोकरी म्हटलं, तर म्हणाले, मग चौकोन आजच पुसू. असं डोकं फिरलं म्हणता!

१० जून
साहेबांनी माझा चौकोन कडेकडेने पुसायला घेतलाय. धाकटीचा फोन. हजेरीत तिचं नाव नाही, बाई ओळखत नाहीत. रडत होती. मी नाही रडणार.
तिसरं टूल निवडलं. पहिली दोन आकृतीचं मुकाट ऐकतात. हे उलटंही चालतं. मी ओळ लिहिली की आकृतीत रेघ उमटते.

११ जून
रेघ खोडता येत नाही ना? मग आणखी जोडते. सगळे चौकोन माझ्याखाली, म्हणजे मला पुसलं की तेही पुसले जाणार. ताईंचा तेवढा सोडला.

दुपार
डाव्या हाताची बोटं दिसत नाहीत. भीती वाटतेय. वाटू दे. उजवा आहे—

साहेबांचा चौकोन जोडला. धावत आले. थांबा म्हणतात, हात जोडतात—

आता का थांबू?

राहिलीस तूच, आकृती. तुझ्याही नावाचं टेबल लिहिलं, माझ्याखाली— जोडलं. धाकटीला हात लावायचा तर आधी मला पूस. पूस ना! मग तुझीही एक रेघ उरायची नाही—