वारा समोरून

३ मार्च
— दूध उतू जाऊ दिलं नाही, एवढं आठवतं. गॅस बंद केला, ओटा पुसला, कपडे दोरीवर टाकले. मग चहा घेऊन खिडकीशी गेले, तर हे खुर्चीत मान टाकून. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. लेक परदेशातून मिळेल त्या विमानाने निघाली, पण तिला चेहरा पाहायला मिळाला नाही. तेवढं थांबता आलं नाही आम्हाला.

आज तिचा फोन. आठवा सरलाय. "आई, बाळंतपणाला ये ना." व्हिसा जावयाने केव्हाच काढून ठेवलाय, तिकीट माझ्यामुळे अडलंय. म्हटलं, एवढा वेळ विमानात बसायला गुडघे साथ देणार नाहीत. गुडघे खरंच दुखतात. पण त्या विमानाचं नाव काढलं की मला तो दिवस दिसतो, हे तिला कसं सांगू?

५ मार्च
वाचनालयात गेले. शाळा चौथीत सुटली, पण वाचून खात्री करायची खोड काही सुटली नाही. तिथल्या बाईंनी संगणकावर काढून दिलं. दोन विमानतळांमधलं अंतर तेरा हजार किलोमीटर. जाताना सोळा तास, येताना चौदा. म्हटलं, रस्ता तोच आणि दोन तास गेले कुठे? खाली वाचलं — तितक्या उंचावर वारा जोराचा, आणि तो एकाच दिशेने. जाताना समोरून, येताना पाठीशी.

म्हणजे लेक आली तेव्हा वारा तिच्या बाजूने होता. तरी.

८ मार्च
सोळा तास बसून बघायचंच ठरवलं. हात असलेली खुर्ची घरात एकच — ह्यांची. रोज पुसते, बसले कधी नाही. आज पहाटे पाचला बसले. उठायचं ते फक्त पाय मोकळे करायला.

शेजारीण साखर मागायला आली ती माझ्या कमरेला ह्यांचा पट्टा बघून दारातच थबकली. कारण सांगितलं तर हसून हसून भिंतीला टेकली. मग दिवसभर तीच हवाईसुंदरी. "काकू, खाली समुद्र आहे. चहा घेणार की पोहणार?"

दुपारी गुडघे कुरकुरायला लागले. म्हणून जरा कलून बसले, तर समोर सगळा ओटा! मला वाटायचं हे तिथे बसून रस्ता बघतात. त्या खुर्चीतून अर्धा रस्ता दिसतो आणि पूर्ण स्वयंपाकघर. म्हणजे त्या सकाळी मी ओटा पुसत होते तेव्हा…

मग ओट्याकडेच बघत होते. वेळ कसा गेला कळलं नाही.

रात्री नऊला शेजारीण आली. "उतरलो, काकू. सामान विसरू नका."

९ मार्च
लेकीला म्हटलं, काढ तिकीट. महिनाअखेरचं.

१० मार्च
गुडघे!

१८ मार्च
पहाटे जावयाचा फोन. मुलगी झाली, तीन आठवडे आधीच. दोघी बऱ्या आहेत. मी म्हटलं, मलाही उशीरच झाला. तर लेक मागून म्हणाली, "कसला उशीर? आम्ही आहोत की इथे. ये तू."

१९ मार्च
तिकीट अलीकडचं करून घेतलं. आज निघाले. हे विमानात लिहितेय. वारा समोरून आहे. पट्टा बांधलाय.