तळ्याकाठचं हॉटेल भाचीला देताना

मी, वय एकाहत्तर, डोंगरातल्या तळ्याकाठच्या अकरा खोल्यांच्या हॉटेलाची मालकीण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही धाकाविना लिहीत आहे. आयुष्याची पहिली चाळीस वर्षं मी धाकात काढली, त्यामुळे फरक मला कळतो.

एक. हॉटेल वडिलांनी बांधलं. उन्हाळाभर ते पाहुण्यांशी गोड बोलत. आमच्या अंगावरचे वळ पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून हंगाम संपेपर्यंत थांबत आणि मग मला व दादाला वल्ह्याने झोडपत. ते वल्हं चुलीत घालावं.

दोन. आचाऱ्याने एकदा माझ्यावर सुरी फेकली, ती चौकटीत रुतली. माणूस तापट, पण मासे उत्तम करतो. सुरी आणि नोकरी, दोन्ही त्याच्याकडे राहावीत.

तीन. इमारत, होड्या आणि शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला. ती सहा वर्षांची असल्यापासून मी तिला वाढवलं. तिला कारण कळलं पाहिजे, म्हणून पुढचं लिहिते.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी आम्ही होड्यांच्या तळाची बुचं काढतो, म्हणजे हिवाळ्यात आत पाणी साचत नाही. ते काम कायम माझं. त्या दिवशी सकाळीच सातही बुचं माझ्या खिशात होती. दादाला हॉटेल विकायचं होतं. मी नकार दिला, तेव्हा त्याने माझं मनगट दारात चेंगरून मोडलं, केस धरून डोकं ओट्यावर आपटलं आणि माझा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. कागद घेऊन तो पलीकडच्या काठावरच्या गिऱ्हाइकाकडे निघाला. जन्मात त्याने बूच काढलं नव्हतं, मग बघणार कशाला? त्याने होडी लोटली. मी पायरीवर उभी होते. तोंडातून रक्त येत होतं, पण बोलता येत होतं. बोलले नाही.

लोकांनी अपघात म्हटलं. भाची दुरावेल या भीतीने मीही तेच म्हणत आले.

चार. सही करण्याआधी आज हे तिला वाचून दाखवलं.

तिने विचारलं, "बाबा ओरडले होते?"

"दोनदा. मलाच हाक मारत होता."

तिने उलट्या हाताने माझ्या तोंडात मारली. मी खुर्चीसकट पडले. मला उठवून बसवत ती म्हणाली, "सही कर. हॉटेल मी चालवीन. पण यापुढे मला आत्या नाही."

तिची अट मला मान्य आहे. सबब वर जिथे 'माझी भाची' असं लिहिलं आहे, तिथे 'हॉटेलची सध्याची व्यवस्थापक' असं वाचावं.

स्थळ: हॉटेलचं स्वयंपाकघर. तारीख: ३० सप्टेंबर.

मृत्युपत्र करणारीची सही (डाव्या हाताची)

साक्षीदार पहिला: नावाडी. समक्ष सही झाली.

साक्षीदार दुसरा: डॉक्टर. बाई पूर्ण भानावर आहेत. खालच्या ओठाला दोन टाके मी घातले. त्यांची कुणाविरुद्धही तक्रार नाही.