पाच बटणं आणि युरोपचं पेन

९ मार्च, बुद्ध संवत २५६९
पांढरा युनिफॉर्म कपाटातून काढला. पाच सोनेरी बटणं. वरची दोन लागली, खालची तीन नाहीत. २ एप्रिलला लाम्पांगच्या जिल्हा कचेरीत मला पंचवीस वर्षांच्या नोकरीचं पदक मिळणार आहे आणि ते उघड्या पोटावर लावत नाहीत. शिंपी लिम काका म्हणाले, शिवणीत सोडायला आता कापडच उरलेलं नाही, गेल्या खेपेला होतं नव्हतं ते सगळं सोडलं. काकांचं वय झालं. धंद्यात लक्ष नाही.
संकल्प: चोवीस दिवसांत आठ किलो.

१० मार्च, सकाळी ६
चालायला गेलो. कुत्रं मागे लागलं. चालणं बंद.

दुपारी
फार्मसीत गेलो. वजन उतरवायचं इंजेक्शन, ज्याला सगळे नुसतं पेन म्हणतात, ते संपलंय. फार्मसीवाला विरापोन म्हणाला, तीन महिने माल नाही. येईल तो आधी डायबेटिसवाल्यांना, यादीप्रमाणे. यादीत माझी मोठी बहीण सायजाई ताई नववी. तिला बारा वर्षं साखर आहे, डॉक्टरांनी हेच पेन दिलंय. म्हटलं, माझंही नाव लिही. म्हणाला, तुम्हाला डायबेटिस आहे? म्हटलं, घराण्यात आहे. नाही लिहिलं. आजारी माणसांचे फार लाड होतात.

१२ मार्च
ताई शेजारीच राहते. तिच्या पेनात शेवटचा एक डोस उरलाय. या आठवड्यापुरता मागितला. म्हणाली, उअन, ही काय छत्री आहे उसनी न्यायला? उअन म्हणजे जाड्या. आईने पाळण्यात ठेवलेलं लाडाचं नाव, ऑफिसातसुद्धा तेच चालतं. नावातच ठरवून टाकल्यावर माणसाने करायचं काय.
ताई म्हणाली, हे संपलं की पाय पुन्हा जळायला लागतील, नजर तर आधीच धूसर झालीय. मी म्हटलं, औषधं दाबून ठेवणाऱ्यांना तुरुंगात टाकलं पाहिजे. मनापासून म्हटलं.

१४ मार्च
पिम्पाबाई सापडल्या. बाजारात क्रीम विकतात आणि फोनवर इतर गोष्टी. त्यांना मेसेजमध्ये पेन लिहायचं नाही, पेन्सिल लिहायचं. चार पेन्सिली मागवल्या. थेट युरोपचा माल, रोज एकदा टोचायचा. लोक याला बेकायदा म्हणतात. पण मी सरकारी माणूस, कागद बघितल्याशिवाय काही घेत नाही. खोका स्वतः तपासला. मुदत २५७० पर्यंत. निर्धास्त.
फ्रिजमध्ये आंबवलेल्या माशांच्या बरणीमागे ठेवल्या. तिथे कुणी हात घालत नाही.

१५ मार्च
पहिलं टोचलं. अर्ध्या तासात दरदरून घाम, हात थरथर. चरबी वितळत असणार. मग अशी भूक लागली की भाजलेल्या डुकराच्या बारा काड्या, तीन पुड्या चिकट भात आणि वर आंबा. पिम्पाबाईंना फोन केला. म्हणाल्या, मुरतंय औषध.

१९ मार्च
दोन किलो वाढले. काटा जुना आहे.

२२ मार्च
नवा काटा आणला. तो साडेतीन म्हणतो. हल्ली कुठल्याच वस्तूत दम राहिलेला नाही. वरून दुसरं बटणही आता लागत नाही.
कंटाळा आला आहे. घाम, थरथर, भात. रोज तेच.

२५ मार्च
माल आलाच नाही. ताईचं पेन कधीच संपलं. आज उंबरठ्याला अडखळली, भिंत धरून उभी राहिली. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. एक पेन्सिल खोक्यासकट नेऊन दिली. तिने ती दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावली. म्हणाली, उअन, तू माझ्यासाठी एवढं करशील असं वाटलं नव्हतं. दोघांचेही डोळे भरले. सकाळी भिक्षूंना अन्न वाढून झालं की टोचते म्हणाली.
एकूण मी चांगला माणूस आहे.

२६ मार्च, सरकारी हॉस्पिटल
सकाळचं टोचून फ्रिजपाशी गेलो एवढंच आठवतं. तिथेच आडवा झालो. ताई खोका घेऊन माझ्याशी भांडायलाच येत होती, म्हणून वाचलो. तोंडात ताडगूळ कोंबला म्हणे.
टोचण्याआधी तिने भिंग लावून खोका वाचला होता. आता माझ्या उशाशी बसून म्हणाली, अरे शहाण्या, युरोपच्या खोक्यावर २५७० साल कसं येईल? तिकडे अजून २०२६ चालू आहे. त्यांना बुद्धाचं साल कुणी शिकवलं? नखाने लेबल खरवडलं तर खाली इन्सुलिन.
मी जन्मल्यापासून बुद्धाच्याच सालात राहतो. मला ते बरोबरच दिसणार.
ताई म्हणाली, मी काही न बघता टोचलं असतं तर? म्हटलं, पण मुदत होती ना. ती उठून खिडकीपाशी गेली. फार लाज वाटली. एवढं लिहून ठेवतो.

२ एप्रिल
पदक टपालाने येईल.
आज तपासणीचे कागद मिळाले. डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी साखर खाली गेली ती इन्सुलिनने. एरवी तुमची कायम वरच असते, निदान तीन-चार वर्षं तरी. औषध लिहून दिलं. तेच पेन.
ताईबरोबर फार्मसीत गेलो. या वेळी विरापोनने काही विचारलं नाही, चिठ्ठी बघून नाव लिहिलं. ताई एवढ्या दिवसांत नववीची आठवी झालीय. मी एकतिसावा. बाहेरच्या बाकावर ताई थोडी सरकली. म्हणाली, बस उअन, वेळ लागतो.