लिनच्या आईचं गाणं आणि माझ्या आयेला सूचना

मी, शैलेश विठ्ठल पड्याळ, वय सव्वीस, पाइपफिटर, मूळचा तालुका गुहागर, सध्या कुवेत, डोकं ठिकाणावर असताना हे लिवतोय. ("ते कधी होतं?" इति कासम. कासम, तू माझा गाववाला आणि साक्षीदार आहेस, गप बस.) उद्या सकाळी माझ्या काळजाची झडप बदलणार आहेत.

१. अब्बासियातल्या खोलीतली माझी खाट आणि टेबलफॅन कासमला. त्याच्या चहात मीठ मीच टाकायचो. त्याची माफी मागणार नाही.

२. पाइपपाने आणि लेव्हल धाकट्या भावाला. विकलास तर भूत होऊन येईन.

३. टेपरेकॉर्डर लिनला. लिन म्हणजे मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत माझ्या पाइपांना वेल्डिंग मारणारा चिनी. त्याच्या मुलखात तो कॅसेटची गाणी लिवायचा. बारा वर्षं लिवली, एक चाललं नाही, मग पोटासाठी इकडे आला. अठ्ठ्याण्णवला त्याची आई गेली, कंपनीने रजा दिली नाही. त्याने आईवर गाणं लिवलं, पण चाल सुचेना. मला म्हणाला, "भाई, तेरे गाँव का मंदिर वाला कोई गाना?"

मला किडा चावला. शिमग्यात होळीभोवती बोंबा मारत आम्ही ज्या चालीवर घाण घाण शिव्या देतो, ती चाल त्याला दिली. उद्या सांगू, हसू, असा बेत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने ते गायलं, आणि सगळे चिनी डबे बाजूला ठेवून रडले. पुढे त्याने ते गाणं तिकडे धाडलं, त्याची कॅसेट निघाली, ती चालली. त्याचं आयुष्यात चाललेलं एकच गाणं! कव्हरवर माझंही नाव आहे म्हणतो. कुठलं ते मला वाचता येत नाही.

तीन वर्षं झाली, सांगायला तोंड उघडतो. तो "बोल भाई" म्हणतो, की मी ते बंद करतो.

४. आज लिनने माझ्या बिछान्याशी बसून ते गाणं स्वतःच्या आवाजात कॅसेटवर भरलं. म्हणाला, "तेरे को कुछ हुआ तो कासम तेरी माँ को सुनाएगा. मंदिर का गाना, माँ समझेगी."

समजेल रे बाबा. पहिल्याच ओळीला समजेल.

आये, मेलो तर माझी पेटी येईल, सगळी वाडी जमेल, आणि कासम कॅसेट लावील. म्हातारे माना खाली घालतील, पोरं फिसकन हसतील. तू हसू नको. पदर तोंडाला लाव आणि रड. कोणी विचारलं तर सांग, देवाचं आहे.

साक्षीदार: १. कासम दाऊद मुकादम. २. लिन. (चिनीत सही केली. "क्या लिखा?" विचारलं. मी म्हटलं, "टेप तेरे को दिया." सही करताना तीच चाल गुणगुणत होता.)

सही: शैलेश
कुवेत, सरकारी इस्पितळ, खाट नंबर नऊ
११ नोव्हेंबर २००१