दिव्याचं गाणं आधी

गुरु. १० मे ८४
खापरखेड्याच्या वीज केंद्राची ऑर्डर घरात येऊन पडलीय. २१ ला हजर व्हायचं. आमचा नितीन हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. गिटार घेऊन मुंबईला पळायचं मनात आहे, मला कळत नाही का! दिवसभर एकच इंग्रजी कॅसेट. मित्रानं, अशोकनं, रेकॉर्डवरून भरून दिलेली. हे चिडले, "नोकरी चालून आली अन् हा गाणे ऐकून राहिला. काहून?" कूलरमध्ये पाणी शेवटी मीच भरलं. डोकं ठणकतंय.

शनि. १२
नि. म्हणाला, "आई, तू शाळेत इंग्रजी शिकवते ना? मग ऐक अन् सांग मले, हा माणूस शेवटी काय करते." सगळी गाणी मिळून एकच गोष्ट आहे म्हणे. बसले ऐकत. नुसता दणदणाट. शब्द कळतील तर शपथ.

मंगळ. १५
अर्थ लागला एकदाचा. आडगावच्या स्टेशनवरचा सिग्नलवाला. कॅसेटच्या पहिल्या बाजूला तो मोठ्या शहरात, चौकात उभा राहून गातो, लोक थांबून ऐकतात. दुसऱ्या बाजूला आपल्या स्टेशनवर. संध्याकाळी दिवा लावतो, गाड्या सोडतो, खुंटीवर बापाची टोपी. नि.ला म्हटलं, "शहर पाहून झालं, घर आठवलं, परत आला."
"मग गाणं सोडलं त्यानं?"
"सोडलं असेल."
दिव्याचं गाणं मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

शुक्र. १८
नि. खापरखेड्याला जाणार! आपणहून म्हणाला, "तोही आलाच ना वापस." गिटार चादरीत गुंडाळून माळ्यावर. हे आज पोटभर जेवले. मला हायसं वाटलं. पण पोरगं इतकं निमूट कधीच नव्हतं. जाऊ दे, थकले मी.

रवि. २०
पेढे द्यायला अशोककडे गेले. मूळ रेकॉर्ड टेबलावरच होती. कव्हर वाचलं. दिव्याचं गाणं पहिल्या बाजूला, अगदी पहिलं. शहराची सगळी नंतर. अशोक हसला, "भरताना उलटी बाजू आधी लागली होती काकू. गाणे तर तेच आहेत."
तेच आहेत. फक्त तो परत येत नाही. दिवा लावून लावून कंटाळतो आणि निघतो.
वाटभर ठरवत आले, सांगायचं नाही. एवढं जमलेलं कशाला मोडा.
घरी नि. उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होता. ह्यांनी आपला जुना डबा घासून ठेवलेला, त्याच्यासाठी. मला बघवेना. कॅसेट उलटी घातली, दिव्याचं गाणं आधी लावलं आणि कणीक भिजवायला बसले. ती बाजू संपल्यावर उठून दुसरी लावली.
शेवटी शहर, चौक, टाळ्या. टेप खट्कन बंद झाला. इस्त्रीही थांबलेली.
"आई, अशोककडे गेलती का वं?"
"हो."
इस्त्री बाजूला ठेवली त्यानं. माळ्याखाली उभा आहे मघापासून. शर्टाची एक बाही व्हायची राहिलीय.