नर कोळी पाठवले आहेत

मंगळवार, दुपार

चि. भाचीबाईस मावशीचा आशीर्वाद.

नाही, चष्मा लावला होता मी! डोळे शाबूत आहेत माझे. आधीच्या डबीत सगळ्या माद्या आल्या, कारण मीच पानांचा रस शोषणाऱ्या त्या ठिपक्याएवढ्या कोळ्यांतले गुबगुबीत तेवढे वेचून घातले. प्रयोगशाळेत पाठवायचे म्हटल्यावर मरतुकडे कसे पाठवू? मला काय ठाऊक, कोळ्याची जात नरावरून ठरते म्हणून! बघावा तर काडीसारखा, मागे निमुळता, आणि मान त्यालाच. तिथेही पुरुषांचंच राज्य.

आता नरच पाठवलेत, स्पिरिटात बुडवून.

टोमॅटो, वांगी आणि कुंपणाखालचं कामोणीचं तण, सगळी जाळ्यांनी पांढरी पडलीय. मधल्या ओळीतला घेवडा मात्र हिरवागार. तू म्हणतेस तो परदेशातून आलेला कोळी हाच असेल, तर तुझ्या नकाशावर आम्ही राबतो त्या काचघराचा ठिपका खुशाल पाड. पण आम्ही फवारतो त्या औषधाने तो मरत नाही, हे काचघराच्या मालकाला आधी कळव. तुझ्या तपासणीचा कागद येईपर्यंत मालक तेच फवारायला लावतोय, नुसतं जास्त कडक करून.

काका बरे आहेत.

म्हणजे फवारायला तेच जातात, दारं लावून, तोंडाला नुसतं फडकं. मी म्हटलं, पुरे करा आता. तर म्हणतात, "औषधाला भ्यायला मी काय कोळी आहे?" अहो, कोळी तरी कुठे भितोय!

बसल्या जागी घाम फुटतो त्यांना. कप धरवत नाही. तोंडातून लाळ गळते, ती पुसतात आणि माझ्याकडे बघत नाहीत. आज सकाळी टळटळीत उन्हात म्हणाले, "दिवा का मालवलास?" जवळ जाऊन पाहिलं, तर डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मी म्हटलं, ढग आलेत. दुसरं काही सुचेचना.

गाडी बोलावलीय, येईलच. दवाखान्यात नेते, शिव्या घातल्या तरी. डॉक्टरला दाखवायला औषधाची बाटली पिशवीत टाकलीय. डबी वाटेत टपालात टाकते.

औषधाच्या खोलीला मी कुलूप घातलंय. मालक तुला फोन करील, मावशीने किल्ली कुठे ठेवली म्हणून. मला विचारू नकोस. मी सांगणार नाही.

मावशी