माझी किडनी, बाबूचं अंग

३ एप्रिल ८६, वाशी (जि. उस्मानाबाद)
शाळा सुटल्यावर बाबूकडं. माझी किडनी त्याला बसवून अकरा महिने झाले. गडी परत दूध सोसायटीत मापं घेतोय. "पाय लई ठणकतात, आक्का." पर्समध्ये माझ्या गुडघेदुखीच्या गोळ्या होत्या, पुडीच दिली. भावजय शेवंता चहा ठेवून आत गेली, माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाय. काहीतरी लपवतेय बया.

१४ एप्रिल
जयंती. बाबू मिरवणुकीला आला नाही, जन्मात पहिल्यांदा. तोंड सुजलंय. शेवंता म्हणते, "उन्हानं असंल, वन्सं." उन्हानं! चुलीमागं बाटली दिसली. वास घेतला. काढा. तिच्या आईनं ईट गावाहून पाठवलेला. "माझ्यासाठी हाय." मी काय दूधखुळी आहे?

१७ एप्रिल
टँकरचं पाणी उकळून देते म्हणे. मग सरपण आहे तेवढंच कसं? बाबूला लघवी कमी. ताप.

२१ एप्रिल, पुणे
किडनीला सूज. डॉ.नी बोटांवर कारणं मोजली. अंगानं परकी किडनी नाकारली असेल, जंतू असतील, जुनंच दुखणं उलटलं असेल, नाहीतर भलतं औषध पोटात गेलं असेल. परकी म्हणे! सख्ख्या बहिणीची!
मी काढ्याचं सांगून टाकलं. डॉ. शेवंतावर असे उखडले! सगळ्या वॉर्डासमोर तिला सांगावं लागलं, "पोर राहावं म्हून मीच घेते. त्यास्नी थेंब दिला न्हाय, शपथ." रडली. मला बरं वाटलं. इथं खोटं कशाला लिहू.

२२ एप्रिल
सिस्टरनं विचारलं, दुखण्यावरच्या गोळ्या खायचा का? त्यानंही किडनीला सूज येते. शेवंता म्हणाली, न्हाय. तिला काय ठाऊक.
बाबूचा सदरा धुवायला घेतला. खिशात माझी पुडी. वीस होत्या. तीन उरल्यात.
बाबू ग्लानीत. विचारू कुणाला?

२३ एप्रिल
किडनीचा तुकडा तपासायला गेलाय. गोळ्यांनी नसेलही. पण असेल तर? डॉ. अजून काढ्यावरच बोलतात आणि ती खाली मान घालून ऐकते. माझीच जीभ झडली का?
सकाळी शेवंतानं भाकरी मोडली, मोठा तुकडा माझ्यापुढं सारला. "खावा वन्सं. तुमाला बी आता एकच हाय."
 पुडी मुठीत आहे. डॉ. साडेनऊला येतात. सव्वानऊ झालेत.